परसातलं तळं: मे महिन्याला झेपेल एवढंच

नाशिकमध्ये परसात तळं करायची हौस बहुतेकांना जुलै-ऑगस्टमध्ये येते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झालेला असतो, गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला याच्या गप्पा रंगलेल्या असतात, अंगणात बेडकांनी रात्र डोक्यावर घेतलेली असते. अशा हवेत वाटतं, आपल्याकडेही एक कमळांचं तळं हवंच. हौस असू द्या, पण त्या भरात कुदळ हातात घेऊ नका. तळं केवढं करायचं हे जुलैनं नाही, मे महिन्यानं ठरवायचं असतं.

मी हे चुकून शिकले. आमचं पहिलं तळं भर श्रावणात केलं, सिमेंटचं, चांगलं ऐसपैस. पुढच्या एप्रिलमध्ये परसातली काळी माती भेगाळली आणि तळ्याच्या तळाला केसाएवढी चीर पडली. रोज सकाळी पाणी तीन बोटं उतरलेलं. चीर बुजवली, तर शेजारी दुसरी. शेवटी त्यात माती भरून कढीपत्ता लावला, तो मात्र झकास आला. आताचं तळं दुसरं. त्याला पूर्ण वर्ष दिलं: पावसाळ्यात नुसतं बघितलं, दिवाळीनंतर खणलं आणि शिवरात्र झाल्यावर लावणी केली. तुम्हीही हाच क्रम धरा.

मे महिन्याचा हिशोब

एप्रिल-मेच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी आपल्याकडे दिवसाला साधारण ७ ते १० मिलिमीटर उतरते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण १० फूट बाय ६ फूट तळं धरा: ६० चौरस फूट, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. रोजचं ४० ते ५५ लिटर पाणी नुसतं हवेत जाणार. दोन-तीन बादल्या, तेही कुठे गळत नसताना. तळं दुप्पट पसरट केलंत की बादल्याही दुप्पट.

यात एक गोम आहे. वाफ होते ती पृष्ठभागावरून, खोलीशी तिचा संबंध नाही. म्हणून तळं पसरवण्यापेक्षा खोल करणं आपल्या गावाला जास्त मानवतं. दोन फूट खोल पाणी दुपारी लवकर तापत नाही आणि डिसेंबरच्या रात्री लवकर गारही पडत नाही. एक फुटाचं उथळ तळं मे महिन्यात अक्षरशः रस्सा होतं.

अंदाज घ्यायचा असेल तर मे महिन्यात ठरवलेल्या जागी एक पसरट प्लास्टिकचं टब भरून ठेवा, आतून मार्करनं रेघ मारा आणि आठवडाभर बघा. टबातलं पाणी जास्त तापतं, त्यामुळे आकडा थोडा चढाच येईल, पण चढा आकडा धरून आखलेलं केव्हाही बरं. रोज तेवढं पाणी, पाणीकपातीच्या दिवसातही, कुठून आणणार याचं उत्तर घरात आधी शोधा. बोअरचं पाणी चालतं. जड असल्यामुळे काठाला पांढरा पट्टा धरतो, एवढंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी उत्तम. आरओचं फेकून दिलेलं पाणी मात्र रोज ओतू नका. त्यात क्षार आधीच साठलेले असतात, तळ्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून वाढत जातात. दोन उन्हाळ्यांत पानांच्या कडा करपायला लागतात.

जागा पावसात बघा

कमळाला आणि कुमुदिनीला, म्हणजे रोपवाटिकेत ज्याला सरळ वॉटर लिली म्हणतात तिला, रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. त्याहून कमी मिळालं तर पानं येतात, फुलं येत नाहीत. पूर्वेचं आणि दुपारी दोनपर्यंतचं ऊन मिळणारी जागा सगळ्यात चांगली. पश्चिमेची भिंत तापून संध्याकाळपर्यंत धग फेकत असेल तर तिच्यापासून चार हात दूर राहा.

आंबा, कडुनिंब, गुलमोहर यांच्याखाली तळं नको. पाणी सावलीत राहतं हा मोह होतो, पण पानगळीत सगळा पाला पाण्यात जातो, कुजतो आणि पाणी चहासारखं होतं. मुळं खालून शिरतात ते वेगळंच.

पावसाळ्यात छत्री घेऊन एकदा परसात उभं राहा आणि पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा. सगळ्यात सखल कोपरा तळ्यासाठी साहजिक वाटतो, पण तिथेच अंगणातला गाळ आणि कुंड्यांमधलं खत वाहून येतं. त्या कोपऱ्यापासून थोडी वरची जागा निवडा. रो-हाऊस असेल तर जमिनीखालची पाण्याची टाकी, ड्रेनेजचं चेंबर आणि विजेची केबल कुठून गेली आहे ते खणण्याआधी शोधून ठेवा. आणि घरात किंवा शेजारी पाच वर्षांखालचं मूल असेल तर दोन फुटांचं पाणीही जीवघेणं आहे. एक तर कुंपण घाला, नाही तर पाण्याच्या पातळीच्या वर पक्की लोखंडी जाळी बसवा, किंवा मूल मोठं होईपर्यंत टबातल्या कमळावर भागवा. यात तडजोड नको.

माती: काळी, मुरूम की पाषाण

नाशिकमध्ये दोन गल्ल्या सोडून जमीन बदलते. कुठे काळी माती, कुठे फूटभर खाली मुरूम, कुठे टिकाव मारला की ठिणगी उडवणारा काळा पाषाण. तळं कशाचं करायचं ते यावर ठरवा.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यात बसवलेलं पातळ सिमेंटचं तळं तडकणार, आज नाही तर पुढच्या वर्षी. सळया घालून, भरभक्कम काँक्रीट ओतून ते करता येतं, पण मग ते तळं राहत नाही, बांधकाम होतं. मुरूम लागला तर नशीब, त्यात भिंती सुबक उभ्या राहतात. पाषाण लागला तर ब्रेकर लावण्याच्या फंदात न पडता अर्धं तळं जमिनीत आणि अर्धं वर, दीड फुटाचा कट्टा बांधून करा. कट्ट्यावर बसता येतं, आणि आमच्या सासूबाईंना वाकावं लागत नाही म्हणून त्यांना तसंच हवं होतं.

बाकी सगळीकडे माझं मत शेततळ्याच्या कागदाला, म्हणजे तळाला अंथरतात त्या जाड प्लास्टिकच्या अस्तराला. द्राक्षवाल्यांनी निफाड-दिंडोरीकडे शेततळी करून आपल्यासाठी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. ५०० मायक्रॉनचा कागद माती हलली तरी तिच्याबरोबर हलतो, तडकत नाही. शेतीसाहित्याच्या दुकानात चौरस मीटरवर मिळतो; मोठ्या शेततळ्याच्या कामातून उरलेला तुकडा आहे का, हे आधी विचारा. घरगुती तळ्याला तुकडाच पुरतो. साधी काळी ताडपत्री मात्र घेऊ नका, ती उन्हात लवकर चुरते.

आखणी, खोदाई आणि पाणसळ

आकार साधा ठेवा. वेलांटीदार, भुईमुगाच्या शेंगेसारखी तळी कागदावर छान दिसतात, पण प्रत्येक वळणावर कागदाला घड्या पडतात आणि घडीत गाळ बसतो. कोपरे गोलसर केलेला आयत पुरे. बागेतला रबरी पाइप जमिनीवर पसरून आकार ठरवा, दोन दिवस तसाच राहू द्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा, मग त्या रेषेवर चुन्याची फक्की टाका.

तळ एकाच खोलीचा नको. काठापासून ९ ते १२ इंच खाली, फूटभर रुंद पायरी एका बाजूला ठेवा. काठाच्या झाडांच्या कुंड्या तिच्यावर बसतात आणि पाण्यात पडलेला बेडूक किंवा खार तिथून वर चढते. उरलेला भाग दोन फूट. भिंती सरळ उभ्या न ठेवता किंचित आतल्या बाजूला कललेल्या घ्या, काळ्या मातीत तर नक्कीच, नाही तर ढासळतात. या मापात पाणी अडीच हजार लिटरच्या आसपास बसतं. खोदून निघणारी माती मोकळी होऊन सव्वा ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) घरात जाते; ती कुठे टाकणार हे आधी ठरवा. वरची फूटभर चांगली माती बाजूला ठेवा, कमळाला तीच लागणार आहे.

आता पाणसळ, म्हणजे काठ सगळीकडे एका पातळीत आहे का ते बघणं. काठ एका बाजूला दोन इंच खाली असेल तर तळं कायम अर्धवट भरल्यासारखं दिसतं आणि उघडा पडलेला काळा कागद डोळ्यांत खुपतो. पाण्याला लबाडी जमत नाही. आमच्याकडे आलेल्या गवंडीमामांनी खिशातून लेव्हल पाइप काढला, बोटभर जाडीची पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरून आतले बुडबुडे टिचकी मारून घालवले. एक टोक त्यांनी एका खुंटीला लावलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "ताई, अंगठा काढा आता." नळीतलं पाणी वर-खाली होत होत थांबलं, तिथे खडूनं खूण. असं आठ खुंट्यांवर. मला डोळ्यांनी सपाट दिसणारं परस दहा फुटांत साडेतीन इंच उतरतं होतं. त्या पाऊण तासानं पुढचा सगळा मनस्ताप वाचवला. गवंडी नसेल तरी हे घरी दोघांना जमतं.

कागद घालताना

माप असं काढा: लांबी, अधिक खोलीच्या दुप्पट, अधिक दोन्ही काठांवर एकेक फूट. १० फूट लांब आणि २ फूट खोल तळ्याला १० + ४ + २ म्हणजे १६ फूट. रुंदीला ६ + ४ + २ म्हणजे १२. एकूण १९२ चौरस फूट, साधारण १८ चौरस मीटर. पायरीसाठी वेगळा कागद लागत नाही, या मापातच ती बसते. सांधा टाळा, एकच अखंड तुकडा घ्या.

खड्ड्यातले खडे, मुळांची टोकं हातानं चाचपून काढा. अनवाणी पायानं तळावर चालून बघा. जे तळव्याला टोचतं ते कागदालाही टोचणार. मग दोन इंच वाळू आणि तिच्यावर जुन्या सतरंज्या, गोधड्या किंवा फ्लेक्स. फ्लेक्सला आपल्या शहरात तोटा नाही. आमच्या तळ्याखाली कुणा भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आहेत, मजकूर वरच्या बाजूला.

कागद सकाळी उन्हात तासभर पसरून ठेवा म्हणजे मऊ होतो. सैल सोडा, ताणू नका. पाणी हळू सोडा आणि ते चढेल तशा घड्या हातानं एका बाजूला जमवत जा. तळं पूर्ण भरून एक दिवस गेल्याशिवाय कडा कापू नका. पाण्याच्या वजनानं कागद आणखी चार-सहा इंच आत खेचला जातो, आणि कापलेला कागद परत जोडून मिळत नाही.

काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच घ्या, त्यावर कागद दुमडून शहाबादी फरशी किंवा काळे दगड बसवा. फरशी आतल्या बाजूला दीड-दोन इंच पुढे आली की कागद झाकला जातो आणि त्यावर थेट ऊन पडत नाही. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर नुसत्या आभाळातून या तळ्यात २८० लिटर पाणी येतं, म्हणून काठाच्या एक इंच खाली दीड इंची पाइप बाहेर काढा, तोंडाला जाळी लावा आणि टोक केळीच्या किंवा नारळाच्या आळ्यात सोडा.

सिमेंटचंच करणार असाल तर नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि त्यात मासेही मरतात, झाडंही. आठ-आठ दिवस पाणी भरून ठेवून तीनदा उपसा. जुने लोक त्यात केळीच्या खोडाचे तुकडे टाकून ठेवतात.

कमळ, कुमुदिनी आणि बाकीची मंडळी

नळाचं पाणी भरलंत तर क्लोरिन उडून जायला दोन दिवस द्या. मग लावणी. शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं म्हणतात, आणि नाशिकपुरतं ते बहुतेक खरं ठरतं. मुळांना ऊब लागते, त्यामुळे डिसेंबरात लावलेला कंद नुसता कुजत पडतो.

कमळ आणि कुमुदिनी यांत गल्लत करू नका. कमळाचं पान गोल, अखंड, पाण्याच्या वर दांड्यावर उभं राहतं आणि त्यावर थेंब पाऱ्यासारखा पळतो. कुमुदिनीचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला देठापाशी चीर असते. कमळाला तळ्यात मोकळं लावलं तर त्याची मुळं दोन वर्षांत सगळं तळं गिळतात. त्याला भोक नसलेल्या, दीड-दोन फूट रुंद टबात डांबा आणि टब तळ्यात ठेवा.

टबात सहा इंच माती: बाजूला ठेवलेली शेतमाती, पाणी घालून लाडवाच्या पिठासारखी मळलेली. कोकोपीट, गांडूळखत, पालापाचोळा काही नको. ते तरंगतं आणि पाणी नासवतं. कमळाचा कंद केळीच्या आकाराचा असतो आणि त्याच्या टोकाला सुईसारखा कोंब. तो कोंब मोडला की कंद बहुधा गेलाच. माझा पहिला कंद पार्सलनं आला तोच कोंब मोडून, मला ते कळलं तीन आठवड्यांनी, वास सुटल्यावर. आता पार्सल दारातच उघडते. कंद आडवा ठेवा, दोन इंच माती ओढा, कोंबाचं टोक बाहेर राहू द्या, मधोमध एक चपटा दगड ठेवा म्हणजे तरंगत नाही. सुरुवातीला वर चार-सहा इंचच पाणी हवं, म्हणून टबाखाली विटा रचा. पानं वर आली की एकेक वीट काढा.

कुमुदिनीचा गड्डा मातीत पुरायचा नाही, माथा मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. वरून बोटभर जाड वाळू पसरली की मासे माती उकरत नाहीत. ६० चौरस फुटांना दोन कुमुदिनी आणि एक कमळ पुरे. नर्सरीतला माणूस पाच देईल, घेऊ नका. पानांनी निम्म्याहून थोडं जास्त पाणी झाकलं की शेवाळाला ऊन मिळत नाही, आणि त्याच्यावर एवढा एकच कायमचा उपाय आहे. दिवसा घरी कुणी नसेल तर रात्री उमलणारी जात मागा. संध्याकाळी कामावरून आल्यावर फूल उघडं दिसतं.

पायरीवर वेखंड, नीरब्राह्मी, अळू, कर्दळ. पाणकणीस दिसायला देखणं, पण त्याची मुळं टोकदार आणि हावरट असतात. कागदाच्या तळ्यात नको. जलपर्णी तर फुकट दिली तरी नको. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या बयेनं गोदावरीचं काय केलं आहे ते आपण दरवर्षी बघतो. तळ्यातला कुठलाही जादा पाला, कंद, मासा नदी-नाल्यात सोडू नका. उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये टाका. आणि नांदूर-मध्यमेश्वरला जाऊन पाणवनस्पती जरूर बघा, पण उपटून आणू नका. ते अभयारण्य आहे, २०२० पासून महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्रही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

डास

शेजारी पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि त्यांचा तो हक्क आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. तळं भरल्यापासून पहिल्या आठवड्यातच दहा-बारा गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या मलेरिया विभागात चौकशी केली तर बरेचदा फुकट मिळतात. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, मग उघडा. त्यांना खायला घालू नका, उपाशी गप्पीच अळ्या खातो. पुढे चतुर येतात, त्यांची पिल्लंही पाण्यात राहून अळ्यांवरच जगतात. मासे दिसेनासे झाले तर खंड्या किंवा ढोकरी येऊन गेली समजा. लपायला तळाशी मातीच्या पाइपाचे दोन तुकडे ठेवा. खरा धोका तळ्यात नसतो, त्याच्या शेजारी विसरलेल्या रिकाम्या टबात असतो.

कधी विरोळा येईल. हा पाण्यातला साप बिनविषारी असतो, पण चिडका. त्याला काठीनं डिवचू नका, ओळख पटत नसेल तर सर्पमित्राला बोलवा.

पंप

लागतोच असं नाही. झाडं पुरेशी आणि मासे थोडे असतील तर तळं बिनपंपाचं चालतं. आवाज हवा असेल तर तासाला हजार ते दोन हजार लिटर फिरवणारा पंप या मापाला पुरतो. तीस वॉटचा पंप दिवसरात्र चालवला तर महिन्याला २२ युनिट. धार कुमुदिनीच्या पानांवर पडू देऊ नका, ती पानं ओली झालेली तिला आवडत नाहीत. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करा आणि त्या लाइनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच लाइन तोडणारा स्विच, हवाच.

पहिलं वर्ष

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं होईल. घाबरून उपसू नका. उपसलंत की नवं पाणी पुन्हा हिरवं होऊन तोच फेरा सुरू. पानं पसरली की महिना-दीड महिन्यात निवळतं.

मार्च ते मे संध्याकाळी पाणी भरा, एका दमात खूप नाही. कमळाच्या पानांवर मावा पडला तर पाइपच्या जोरदार धारेनं धुऊन काढा, औषध मारलंत तर मासे मरतील. महिन्यातून एकदा १५:१५:१५ खताचा छोटा चमचा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून टबातल्या मातीत बोटभर खोल खुपसा. पावसाळ्यात खत बंद. दर पंधरा दिवसांनी दहा-बारा बादल्या पाणी काढून झाडांना घाला. असं पाणी मिळाल्यावर आमच्या मोगऱ्यानं कधी नव्हे इतक्या कळ्या धरल्या.

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की कमळाची पानं पिवळी पडून वाळतात. मेलं म्हणून टब उलटू नका. दांडे पाण्याच्या वरच कापा, कारण ते पोकळ असतात आणि पाण्याखाली कापले तर त्यातून पाणी कंदापर्यंत जातं. फेब्रुवारीत टब काढून चिखलात हात घाला: एका कंदाचे चार-पाच झालेले असतात. दोन परत लावा, बाकीचे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कोंब वर ठेवून, डासांबद्दल विचारणाऱ्या शेजाऱ्यांना द्या.